ग्रहणाचा दोष नाही, मग आता नवऱ्याचा?

पत्र थोडक्यात असं आहे, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. लिहिणारी तिशीतली, लग्नाला चार वर्षं. मागच्या ऑक्टोबरमध्ये, २०२५ मध्ये, विसाव्या आठवड्यात गर्भपात करावा लागला. ॲनोमली स्कॅनमध्ये, म्हणजे बाळाचे अवयव नीट आहेत का बघणाऱ्या सोनोग्राफीत, बाळाच्या मेंदूचे डावा-उजवा असे दोन भाग झालेच नाहीत असं दिसलं, आजाराचं नाव होलोप्रोसेन्सेफली. सासूबाईंचं म्हणणं, ७ सप्टेंबरच्या चंद्रग्रहणात ही खिडकीत उभी राहून फोनवर बोलत होती त्याचं हे फळ. "शांत करा, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून या" हे चालूच आहे. मधल्या काळात बाळाच्या जनुकांचा रिपोर्ट आला, मग नवरा-बायको दोघांचं रक्त तपासलं. एसएचएच म्हणजे सॉनिक हेजहॉग नावाच्या जनुकात बदल सापडला, शेरा 'लाइकली पॅथोजेनिक', म्हणजे आजाराला बहुधा कारणीभूत, आणि तो बदल नवऱ्यात आहे. नवऱ्याला वरच्या जबड्यात बरोबर मधोमध एकच मोठा दात आहे, लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत तो तोंड उघडून हसलेला नाही. बाकी तो ठणठणीत, इंजिनियर. तो म्हणतो, घरात कोणाला काही सांगायचं नाही, कारण धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात आहे. पत्रात एक ओळ जाता जाता आलीय की सासूबाईंचेही दोन गर्भ गेले होते, कोणी कारण विचारलं नाही. शेवटी तिचे प्रश्न: "दोष माझा नव्हता हे मी कधी बोलायचं? नणंदेला सांगायचं का? आणि आम्ही परत चान्स घ्यायचा की नाही?"

---

अगं, तुला एकेरीच हाक मारते, चालेल ना.

आधी ग्रहणाचा हिशोब मिटवून टाकू, कारण तुझ्या पत्रात तोच सगळ्यात जास्त जागा खाऊन बसलाय आणि तू कितीही शिकलेली असलीस तरी रात्री अडीचला तोच आठवतो हे मला ओळींमधून दिसतंय. तू तारखा दिल्यास म्हणून बोटं मोजता आली. ग्रहणाच्या रात्री तू पंधरा आठवड्यांची होतीस, डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात त्या हिशोबाने. मेंदूचे दोन भाग होण्याचं काम त्याच मोजणीत साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात उरकतं, म्हणजे तुझ्या बाबतीत जूनच्या शेवटापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. आषाढी एकादशी ६ जुलैला होती. त्या दिवसांत काय व्हायचं ते होऊन गेलं होतं, बहुतेक तुला उलट्याही नीट सुरू झाल्या नसतील. भाद्रपद पौर्णिमेचं ग्रहण आषाढात जाऊन काही बिघडवून येईल का, सांग बरं. हे सासूबाईंना पटेलच असं नाही, पण तुला पटलं तरी पुष्कळ झालं.

आता हा जनुक नेमका करतो काय ते साध्या भाषेत सांगते, कारण रिपोर्ट देताना हे कोणी बसून सांगितलेलं नाही असं तुझ्या पत्रावरून वाटतं. सातव्या क्रोमोसोमच्या लांब भुजेच्या टोकाला हा जनुक आहे. त्याच्यावरून जे प्रोटीन बनतं ते निरोप्याचं काम करतं, एका जागच्या पेशी ते बाहेर सोडतात आणि आजूबाजूच्या पेशी त्यावरून ठरवतात की आपण काय व्हायचं. किती पोचलं त्यावर सगळं अवलंबून असतं, फोडणीचा वास कसा ओट्यापाशी खमंग, हॉलमध्ये बेताचा आणि जिन्यात जेमतेम, तसं. गर्भाच्या डोक्याच्या बाजूला, जिथून पुढचा मेंदू व्हायचा असतो, तिथे खालच्या बाजूने हा निरोप येतो आणि मग मधली रेघ पडते, मेंदू दोन बाजूंना वाटला जातो, डोळ्यांसाठी सुरुवातीला एकच पट्टा असतो त्याचेही दोन होतात. हातापायाची बोटं कुठलं कुठे यायचं, पाठीच्या कण्यातल्या नसा कुठे कुठल्या, यातही हाच निरोप लागतो. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती, एक आईची एक वडिलांची. एक प्रत बिघडली की निरोप निम्म्यावर येतो आणि काही गर्भांना निम्म्यात भागत नाही.

नावावरून तुझा नवरा रिपोर्ट वाचताना आधी हसला आणि मग बाथरूममध्ये जाऊन बसला असं तू लिहिलंयस. त्याचं बरोबरच आहे. फळमाशीच्या अळीवर साळिंदरासारखे काटे उगवलेले दिसले म्हणून ख्रिस्तियान न्युसलाईन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस या दोन शास्त्रज्ञांच्या १९८० च्या कामात मूळ जनुकाला हेजहॉग म्हटलं गेलं (याच कामाबद्दल १९९५ चं नोबेल), पुढे १९९३ मध्ये पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये त्याचे भाऊबंद सापडले आणि त्यातल्या एकाला सॉनिक हेजहॉग या व्हिडिओ गेमच्या पात्राचं नाव दिलं. तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हतं की एक दिवस हे नाव एखाद्या आईच्या हातातल्या कागदावर छापून येईल. माणसांतला हा आजार आणि हा जनुक यांचा संबंध १९९६ मध्ये कळला.

पुढचा परिच्छेद वाचवत नसेल तर सोडून दे. अमेरिकेत आयडाहो भागात १९५० च्या दशकात मेंढ्यांना कपाळावर एकच डोळा असलेली कोकरं व्हायची, मेंढपाळ हैराण. शोधता शोधता कळलं की डोंगरावरचं एक रानटी झाड मेंढ्या खात होत्या, आणि गाभण राहिल्यापासून साधारण चौदाव्या दिवशी ते खाल्लं की असं कोकरू व्हायचं. त्या झाडातला पदार्थ, सायक्लोपामीन, नेमका हाच निरोप अडवतो हे कळायला पुढे पुष्कळ वर्षं गेली, आणि मग त्याच धाग्याने एका प्रकारच्या त्वचेच्या कॅन्सरवर औषध निघालं, २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूरही झालं. मी हे सांगते ते त्या चौदाव्या दिवसासाठी. बिघडायची वेळ असते ती अगदी सुरुवातीची आणि थोडकी, चौथ्या महिन्यात खिडकीत उभं राहून ती गाठता येत नाही.

बरं. आता जे तू विचारलेलं नाहीस पण पत्रभर आहे त्याबद्दल. तू लिहितेस, "आता तरी सगळ्यांना कळू दे की दोष कोणाचा होता." हा राग रास्त आहे, सहा महिने तू ऐकून घेतलंस. पण बघ, दोष तुझ्याकडून उचलून नवऱ्याच्या ताटात वाढला की ताट बदललं, जेवण तेच राहिलं. त्याने हा बदल कमावलेला नाही. तो त्याला त्याच्या आई किंवा वडिलांकडून आला असेल किंवा त्याच्यातच पहिल्यांदा झाला असेल, अजून माहीत नाही, आणि आईकडून आला असेल तर? दोन गेलेले गर्भ तूच लिहिलेस. त्यावरून निदान करता येत नाही, गर्भ जायला शंभर कारणं असतात. पण होलोप्रोसेन्सेफली सुरुवातीच्या गर्भांत साधारण २५० मध्ये एक इतकी सापडते आणि जन्माला येणाऱ्या बाळांत जेमतेम दहा हजारांत एक, म्हणजे बहुतेक गर्भ आधीच आपोआप जातात, कोणाला कळतही नाही. ज्या बाईने तुला ग्रहणावरून टोचलं तिलाही त्या काळात कोणीतरी असंच काहीतरी टोचलं असेल, पपई खाल्ली, जड उचललं, काहीतरी. मी तिची बाजू घेत नाही हो. तिचं बोलणं चूकच आहे. एवढंच म्हणते की रिपोर्ट तिच्या तोंडावर फेकायच्या आधी हा विचार करून ठेव की ते शस्त्र फिरून कुठे लागेल.

तरीही गप्प बसायचं का, तर नाही. "ग्रहणाचा काही संबंध नाही, जनुकामुळे झालं, डॉक्टरांनी लेखी दिलंय" हे वाक्य आजच बोलता येतं आणि ते नवऱ्याने बोलायचं, त्याच्या आईसमोर, तू तिथे असताना. कोणाचा जनुक हे त्या वाक्यात यायची गरज नाही. तुझ्यावरचा आळ काढायला त्याचा रिपोर्ट चव्हाट्यावर मांडावा लागत नाही, हे दोन वेगळे विषय आहेत आणि नवऱ्याने ते एकत्र बांधून ठेवलेत, बहीण-लग्न-अब्रू सगळं एका गाठोड्यात, म्हणून तुला बोलायलाच जागा उरली नाही. त्याची भीती खोटी नाही पण त्या भीतीचं भाडं तू का भरायचं. नारायण नागबळीचं म्हणशील तर त्याने सासूबाईंना बरं वाटणार असेल आणि तुझी ना नसेल तर जाऊन या, मी त्यावर भांडण करायला सांगणार नाही, फक्त ते प्रायश्चित्त म्हणून तुझ्या डोक्यावर नको आणि तपासण्यांच्या ऐवजी तर नकोच नको.

नणंदेचा प्रश्न जास्त अवघड आहे, त्यावर मी बराच विचार केला.

तू गृहीत धरलंयस की तिच्यातही हे असणार. असेलच असं नाही. नवऱ्याला आई-वडिलांपैकी एकाकडून आलं असेल तर तिला यायची शक्यता निम्मी, ५० टक्के. दोघांच्याही रक्तात नसेल, म्हणजे नवऱ्यातच नवीन झालं असेल, तर तिची शक्यता अगदी नगण्य, पूर्ण शून्य मात्र डॉक्टर म्हणणार नाहीत. आणि तिच्यात असलं तरी? या जनुकाचा हाच विचित्रपणा आहे की एकाच घरात, अगदी तोच बदल असताना, एकाला काहीच नसतं, एकाचे डोळे जरा जवळजवळ, एकाला वास कमी येतो, एकाला तुझ्या नवऱ्यासारखा मधोमध एक दात, आणि एकाचं बाळ जगत नाही. का असं, ते पूर्ण उलगडलेलं नाही, बाकीचे जनुक, आईची शुगर, नशीब, सगळं मिळून. वरच्या ओठाच्या आतून हिरडीला जोडणारी एक बारीक दोरी असते बघ, जिभेचं टोक फिरवलं की लागते, ती काहींना नसते, दाताचे किंवा जेनेटिक्सचे डॉक्टर ती मुद्दाम बघतात. (वाचणाऱ्यांनो, आरशासमोर जाऊन घाबरू नका, दोरी बारीक असली म्हणजे काही झालं असं नसतं, नुसत्या तेवढ्यावर कोणी काही ठरवत नाही.)

मग सांगायचं का? माझं मत, हो, आणि लग्नाच्या आधी. पण तू नाही. ती माहिती तुझ्या नवऱ्याच्या शरीराची आहे आणि बहीण त्याची आहे, भावाने सांगितलं की ती काळजी वाटते, वहिनीने सांगितलं की सूड वाटतो, निदान आपल्याकडे तरी. आणि सांगायचं फक्त तिला. तिच्या होणाऱ्या सासरी सांगायचं की नाही, होणाऱ्या नवऱ्याला कधी आणि किती, तपासणी करायची की नाही, हे सगळं तिचं. तिने तपासणी नको म्हटलं तर तोही तिचा हक्क. मला दुसरी बाजूही दिसते. लग्नाची खरेदी चालू, हॉल बुक, आणि त्यात हे डोक्यावर टाकायचं, एखादी मुलगी कोसळेल, शिवाय तिला लगेच काही करावं लागणार आहे असंही नाही, मूल होऊ देण्याआधी कळलं तरी वैद्यकीयदृष्ट्या चालतं. त्यामुळे नवरा म्हणाला की लग्न होऊ दे, जूनमध्ये सांगू, तर ते अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण मग एक गोष्ट होते, तिला कळतं की माझ्या घरच्यांना माहीत होतं आणि मला न सांगता बोहल्यावर चढवलं. ती जखम जनुकातल्या बदलापेक्षा मोठी होऊ शकते. आणि लग्नानंतर लगेच दिवस राहिले तर? 'लग्नानंतर सांगू' म्हणणारे लोक बारशापर्यंत पोचतात, हे मी पत्रांमधून खूप बघितलंय.

कसं सांगायचं यासाठी जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे जनुकीय आजारांबद्दल समजावून सांगणारे सल्लागार, मदत करतात, त्यांना म्हणायचं की नातेवाइकांना देण्यासाठी एक पत्र द्या. त्यात बदलाचं नेमकं वर्णन असतं, त्यामुळे बहिणीची तपासणी करताना पुन्हा सगळे जनुक धुंडाळावे लागत नाहीत, तेवढी एकच जागा बघतात, थोडं रक्त, खर्चही पुष्कळ कमी. आई-वडिलांचीही तशीच होईल पण तिथे सावकाश, आधी विचारून. कोणाकडून आलं हे कळलंच पाहिजे असं नसतं, बहिणीने थेट स्वतःची तपासणी केली तर त्या दोघांना न दुखावताही तिचं उत्तर मिळतं. मला हा रस्ता जास्त आवडतो.

आता तुमचं दोघांचं. परत चान्स घ्यायचा का, हे मी सांगू शकत नाही आणि डॉक्टरांनीही सांगू नये, पण रस्ते कुठले ते माहीत हवेत. प्रत्येक गर्भाला तो बदल यायची शक्यता निम्मी, आणि आलेल्यांपैकी सगळेच आजारी होत नाहीत. पहिला रस्ता, आपोआप दिवस राहू द्यायचे आणि लवकर तपासायचं. तुझी मागच्या वेळी बारा-तेरा आठवड्यांची सोनोग्राफी राहून गेली होती, यावेळी ती चांगल्या फीटल मेडिसिनवाल्याकडेच, म्हणजे गर्भाच्या आजारांच्या तज्ज्ञाकडेच, कर, या आजाराचं गंभीर रूप बहुतेक वेळा तेव्हाच दिसतं. सोबत अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन किंवा सोळा आठवड्यांनंतर गर्भजल काढून जनुक बघता येतो, दोन्हीत गर्भपाताचा थोडा धोका असतो तो विचारून घ्यायचा. गर्भलिंग तपासणी कायद्याने बंद आहे पण जनुकीय आजारासाठी या तपासण्या नोंदणी असलेल्या सेंटरमध्ये चालतात, फॉर्म भरावे लागतात, त्याने दचकू नको. आणि गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, गर्भात व्यंग असेल तर २४ पर्यंत दोघांचं, त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. म्हणजे घाईने, रडत, एका रात्रीत ठरवायची वेळ यावेळी येऊ नये.

दुसरा रस्ता आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा, भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी त्याचा जनुक तपासून घेतात. खर्चिक आहे, शरीराला त्रास तुलाच होणार, आणि त्यानंतरही पोटातली तपासणी करून खात्री करा असं सांगतात.

इथे मला तुला थांबवायचंय जरा. गर्भजलाची असो की भ्रूणाची, जनुकाची तपासणी फक्त एवढंच सांगते की बदल आहे की नाही, बाळ कसं होईल ते सांगत नाही. तुझा नवरा त्याच्या आईच्या पोटात असताना कोणी ही तपासणी केली असती तर तीही पॉझिटिव्ह आली असती. मग पॉझिटिव्ह आलं आणि सोनोग्राफीत मेंदू नीट दोन भागांत दिसला, तर तुम्ही काय कराल? याचं उत्तर सुई टोचायच्या आधी दोघांनी मिळून शोधायचं असतं. काही जोडपी म्हणतात आम्ही फक्त सोनोग्राफी आणि गरज पडली तर गर्भाचा एमआरआय यावर जाऊ, जनुक बघणारच नाही. काही म्हणतात परत ते सगळं सोसायची ताकद नाही, आयव्हीएफच करू. कोणी दत्तक घेतं, कोणी दात्याचं बीज, कोणी दोघंच राहतं. यातलं कुठलंच उत्तर भित्रं नाही की स्वार्थी नाही. आणि हा प्रश्न नवऱ्यासमोर मांडशील तेव्हा बेताने मांड गं, कारण त्याच्या कानाला तो 'तुझ्यासारखा नको' असा ऐकू येणार आहे.

तयारीचं म्हणून काही, हे तुझ्यासारख्या बाकीच्यांनाही. दिवस राहण्याआधी शुगर तपासून घ्या, कारण आधीपासून असलेला आणि आटोक्यात नसलेला डायबिटीस हे या आजाराचं माहीत असलेलं एक कारण आहे, जनुक ठीक असला तरी. पिंपल्सवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या गरोदरपणात अजिबात नकोत, डॉक्टरांना सांगून आधीच बंद. दारू नको. फॉलिक ॲसिड नेहमीसारखं सुरू. रिपोर्टची मूळ पीडीएफ जपून ठेवा, नुसता व्हॉट्सॲपवरचा फोटो नको, आणि लॅबला विचारा की बाळाचा डीएनए अजून ठेवलाय का, किती दिवस ठेवतील. 'लाइकली पॅथोजेनिक' हा शेरा पुढे बदलू शकतो म्हणून वर्षा-दोन वर्षांनी परत विचारायचं, पुढचा गर्भ ठरवण्याआधी तर नक्कीच. ज्यांच्या रिपोर्टवर 'अनिश्चित अर्थाचा बदल' असं आहे त्यांनी तेवढ्यावरून कुठलाही मोठा निर्णय घेऊ नये, आणि नात्यागोत्यात सांगत तर फिरूच नये.

काउन्सेलरकडे जाताना दोन्ही घरच्या तीन पिढ्या कागदावर मांडून ने, कोणाचे गर्भ गेले, कोणाचं बाळ जन्मल्यावर गेलं, कोणाच्या दाताचं काही, वासाचं काही. सासूबाईंच्या त्या दोन गर्भांचं त्यात लिही, पण त्यांना विचारायचं असेल तर एकटीने, शांतपणे, चौकशीच्या सुरात नको. हा जनुक कोणाचा ते बोलू नकोस, "तुम्हाला तेव्हा काय झालं होतं" एवढंच विचार. त्या बोलतील किंवा नाही बोलणार.

मे जवळ आलाय. अपॉइंटमेंट या आठवड्यातच घ्या, दोघांनी जायचं, आणि फोन यावेळी त्याने करायचा. तू आत्तापर्यंत पुष्कळ फोन केलेस.